थांब जरा, मग फुंक!

जानेवारीत शिकागोला किंवा न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या आईबाबांची पहिली रात्र बहुधा अशीच जाते. बाहेर गुडघाभर बर्फ, आत दोन-दोन रजया. रात्री दोनच्या सुमारास तळघरातून आवाज येतो: टिक. मग घुंऽऽ. मग भक्! त्यानंतर अर्धा मिनिट काहीच नाही. आणि अचानक भिंतीत कुणीतरी पत्र्याचा डबा आपटावा तसं धाड्! पाठोपाठ जमिनीतल्या जाळीतून गरम वाऱ्याचा झोत.

‘‘अहो, उठा! घरात कोणीतरी शिरलंय.’’

कोणी शिरलेलं नसतं. तो असतो फर्नेस. अमेरिका-कॅनडातल्या कितीतरी घरांच्या तळघरात ही कपाटाएवढी भट्टी उभी असते. गॅसवर ती हवा तापवते आणि पंखा ती हवा पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. यात आग पेटवणं सोपं. खरी अक्कल लागते ती वारा कधी सोडायचा आणि कधी अडवायचा यात. ही अक्कल यंत्राला कशी आली, त्याचे हे काही झणझणीत तुकडे.

शेगडीची खिडकी

कोळशाची शेगडी वापरलेल्यांना अर्धं शास्त्र आधीच ठाऊक आहे. खालची खिडकी उघडी ठेवली की निखारे फुलतात, लावून घेतली की मंदावतात. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन घरगुती भट्टी म्हणजे हीच शेगडी, फक्त राक्षसी आकाराची. तिच्या खिडकीला म्हणायचं डँपर. पंखा नव्हताच, गरम हवा हलकी होऊन आपोआप वर चढायची. त्यासाठी भट्टीच्या डोक्यावरून चहूकडे इतके जाडजूड नळ निघायचे, की लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘ऑक्टोपस’. आणि पहाटे गारठ्यात उठून, जिना उतरून डँपर उघडायचं काम घरातल्या कुणाच्या तरी नशिबी असायचंच.

आधी अंडी, मग माणसं

आगीला स्वतःच स्वतःचा वारा तोडायला शिकवणारा माणूस घर तापवायला निघालेला नव्हता. त्याला कोंबडीविना अंडी उबवायची होती. हा कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३), इंग्लंडच्या राजाच्या पदरी असलेला डच संशोधक. थेम्स नदीत पाणबुडी चालवून दाखवणारा तो हाच. त्याच्या उबवणी-भट्टीत काचेच्या नळीत अल्कोहोल आणि पारा होता. उष्णता वाढली की अल्कोहोल फुगायचं, पाऱ्याला ढकलायचं, पारा एक दांडी उचलायचा आणि दांडी भट्टीची खिडकी लोटून घ्यायची. निवलं की उलट. वीज नाही, माणूस नाही, कोंबडीही नाही.

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द मात्र दोनशे वर्षांनी आला. १८३० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्रयू युअरने दोन धातूंची पट्टी वापरून उष्णतेवर ताबा ठेवणाऱ्या उपकरणाचं पेटंट घेतलं. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. तुमच्या साध्या इस्त्रीत ‘टक्’ वाजतं ते याच वाकण्यामुळे.

शिपायाच्या खेपांना कंटाळलेले मास्तर

विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी शिक्षकांच्या महाविद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवायचे. भर वर्गात शिपाई यायचा, हवा किती गरम आहे बघायचा आणि डँपर उघडायला किंवा लावायला तळघरात जायचा. तास पुन्हा रंगात आला की स्वारी परत हजर! जॉन्सन यांनी १८८३ मध्ये खोलीत बसवायच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. तापमान बदललं की तळघरात घंटी वाजायची आणि शिपायाला खालच्या खाली कळायचं. दोन वर्षांनी मिलवॉकीत कंपनी निघाली. आजची जॉन्सन कंट्रोल्स ती हीच.

अर्धी फेरी उघड, अर्धी फेरी बंद

जॉन्सन यांच्या घंटीला शिपाई लागत होता. मिनीॲपोलिसच्या आल्बर्ट बट्झने १८८५ मध्ये शिपायालाही सुट्टी दिली. मूळचा स्विस असलेल्या या संशोधकाची युक्ती सायकलच्या चेनइतकी सोपी होती. खोली गार झाली की थर्मोस्टॅट विजेचं मंडल जोडायचा, मोटरचा अडसर सुटायचा, दांडा बरोबर अर्धी फेरी घ्यायचा आणि साखळीने डँपर वर उचलायचा. भट्टीला वारा मिळाला की आग भडकायची. खोली ऊबदार झाली की दांड्याची उरलेली अर्धी फेरी पूर्ण व्हायची आणि डँपर खाली यायचा.

बट्झच्या त्या कंपनीचे मालक बदलले, नावं बदलली. १९२७ मध्ये मार्क हनीवेल यांच्या कंपनीशी तिचं लग्न लागलं आणि पुढे सारी दुनिया तिला हनीवेल म्हणू लागली. पुण्यात हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत ‘हनीवेल ऑटोमेशन इंडिया’ची पाटी दिसली, तर त्या साखळीचं दुसरं टोक इथवर पोचलंय हे आठवा.

गजर भट्टीला, झोप माणसाला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चावीचं घड्याळ बसवलेले थर्मोस्टॅट बाजारात आले. रात्री झोपताना भट्टी मंद करायची, पहाटेची वेळ लावायची. ठरल्या वेळी घड्याळच डँपर उघडायला लावणार, आणि मालक उठेपर्यंत खोली ऊबदार. आजचं ‘शेड्यूल’ म्हणजे याच चावीच्या घड्याळाचा पणतू.

मॉरिसटाऊनची ॲलिस

२३ डिसेंबर १९१९ रोजी न्यू जर्सीच्या मॉरिसटाऊनमधल्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीला गॅसवर चालणाऱ्या घरगुती भट्टीचं पेटंट मिळालं. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला तेव्हा अजून आठ महिने बाकी होते. तिच्या आराखड्यात अनेक स्वतंत्र बर्नर होते, थंड हवा आत ओढून, तापवून नळांतून वेगवेगळ्या खोल्यांकडे पाठवायची सोय होती आणि प्रत्येक बर्नरचा ताबा वेगळा होता. म्हणजे स्वयंपाकघर गार आणि झोपायची खोली गरम, असं ठरवणं शक्य.

रात्रीच्या आवाजांचा उलगडा

आता आईबाबांना घाबरवणारं ते संगीत. आधुनिक फर्नेसमध्ये ते साधारण असं वाजतं:

*टिक* — भिंतीवरचा थर्मोस्टॅट २४ व्होल्टच्या दोन तारा जोडतो. ‘गार झालंय, उठ’ एवढाच निरोप.

*घुंऽऽ* — छोटा पंखा सुरू होतो. हा घरात वारा सोडत नाही. आदल्या खेपेचा धूर, चुकून साठलेला गॅस बाहेर ओढून टाकतो. हवेची वाट मोकळी आहे अशी साक्ष एक दाबाची कळ देते. तिची साक्ष मिळेपर्यंत पुढचं काही नाही. बाहेरच्या नळीचं तोंड बर्फाने बुजलं असेल, तर ती साक्ष देतच नाही आणि फर्नेस पेटत नाही.

*शांतता* — पेटवणारी कांडी लालभडक तापते.

*भक्* — गॅस सुटतो, ज्वाळा धरते. ज्वाळेतून जाणारा विजेचा इवलासा प्रवाह मोजून एक सळई काही सेकंदांत ठरवते, की खरंच पेटलं का. नसेल, तर गॅस बंद.

*पुन्हा शांतता* — हीच ती अर्ध्या मिनिटाची जागा.

*धाड्!* — मोठा पंखा सुरू होतो आणि हवेच्या दाबाने, उष्णतेने बोगद्यांचा पत्रा फुगतो. चोर म्हणजे हा पत्रा!

पंखा आधी का नाही?

ज्वाळा पेटताक्षणी पंखा सोडला, तर झोपलेल्यांच्या अंगावर बोगद्यातली गारठलेली हवा येईल. म्हणून आधी लोखंडाला तापू द्यायचं. हा थांबा साधारण ३० ते ६० सेकंदांचा.

त्याहून मजेदार शेवटचा थांबा. खोली हवी तेवढी गरम झाली, ज्वाळा विझली, तरी पंखा चालूच! कारण तापलेल्या पत्र्यात बरीच ऊब उरलेली असते आणि तिचे पैसे देऊन झालेले असतात. बासुंदी संपली तरी पातेलं खरवडून घेतल्याशिवाय आपण सोडतो का? तसा पंखा आणखी दीड ते तीन मिनिटं ऊब खरवडतो. फार कमी खरवडलं तर ऊब तळघरातच राहते, फार खरवडलं तर शेवटी गार वारा येतो. म्हणूनच बऱ्याच फर्नेसमध्ये हा वेळ कमी-जास्त करायची सोय दिलेली असते.

जुन्या फर्नेसमध्ये हे काम घड्याळाकडे नव्हतं. दोन धातूंची पिळदार पट्टी गरम हवेत खुपसलेली असायची. ती पिळली की तबकडी फिरायची आणि ठरलेल्या तापमानाला पंखा सुरू, ठरलेल्या तापमानाला बंद. तबकडीवर आणखी एक काटा असायचा: उष्णता फार चढली तर गॅसच तोडणारा. आज बहुतेक फर्नेसमध्ये इलेक्ट्रॉनिक पाटी सेकंद मोजते. अतितापाचा पहारेकरी मात्र अजूनही वेगळाच बसतो.

थर्मोस्टॅटला गंडवणारी चिमुकली शेगडी

दूध वर येताना दिसलं, की आपण उतू जायची वाट बघत नाही. आधीच गॅस बंद करतो, कारण पातेल्यातली धग त्याला आणखी थोडं वर नेणार हे माहीत असतं. फर्नेसचंही तसंच. खोली नेमकी हवी तेवढी तापल्यावर थांबवलं, तर मागून येणाऱ्या उबेने ती जास्त तापेल. म्हणून जुन्या थर्मोस्टॅटच्या पोटात एक बारीकशी तापणारी तार बसवत. भट्टी चालू असेपर्यंत ती थर्मोस्टॅटला आतून शेकायची. बिचाऱ्याला वाटायचं, खोली तापली! तो वेळेआधीच भट्टी थांबवायचा आणि उरलेल्या उबेने खोली बरोबर हवी तिथे पोचायची. फसवणुकीतून आलेला नेमकेपणा.

गोल डबी

१९५३ मध्ये हनीवेलने भिंतीवर बसणारा गोल थर्मोस्टॅट आणला. कडं फिरवा, आकडा बदला, बस्स. आराखडा हेन्री ड्रायफस यांचा. अमेरिकेत घरोघरी गेलेला काळा डायलचा टेलिफोनही त्यांच्याच हातचा. डबीच्या आत काचेच्या कुपीत साधारण तीन ग्रॅम पारा. पट्टी वाकली की कुपी कलायची, पारा घरंगळून दोन तारा जोडायचा. अंडी उबवणाऱ्या ड्रेबेलचा पारा तीनशेहून जास्त वर्षांनी दिवाणखान्यात आला. आज न्यू यॉर्कच्या कूपर ह्युइट या डिझाइन संग्रहालयात ही डबी मानाने बसली आहे.

स्वेटर घातलेले राष्ट्राध्यक्ष

२ फेब्रुवारी १९७७. देशात नैसर्गिक वायूची टंचाई, हिवाळा कडक. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर चक्क स्वेटर घालून, शेकोटीजवळ बसून दूरचित्रवाणीवर बोलले: थर्मोस्टॅट दिवसा ६५ आणि रात्री ५५ फॅरनहाइटवर ठेवा. म्हणजे साधारण १८ आणि १३ सेल्सिअस. महाबळेश्वरच्या हिवाळ्यातल्या रात्रीइतका गारवा, तोही घरात! रोज आठ तास सात ते दहा फॅरनहाइट अंशांनी आकडा खाली ठेवला, तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब आहे.

कायद्याच्या हातात घड्याळ

शिकागोत घरमालक ऊब देतो तिथे १५ सप्टेंबर ते १ जूनपर्यंत भाडेकरूचं घर दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ फॅरनहाइट ठेवणं बंधनकारक. न्यू यॉर्कमध्ये हा मोसम १ ऑक्टोबर ते ३१ मे. तिथे दिवस सकाळी सहाला उजाडतो, रात्री दहाला मावळतो आणि रात्रीची किमान ऊब ६२. म्हणजे तिथे ‘घर गार आहे’ ही तक्रार सरकारदरबारी आकड्यानिशी करता येते.

यंत्र शहाणं, माणूस आळशी

दिवसाचे चार टप्पे, आठवड्याचं वेळापत्रक... सगळं लावता येणारे थर्मोस्टॅट आले, पण लोकांनी ते लावलेच नाहीत. कुणाला बटणं कळेनात, कुणी कायम ‘होल्ड’वर ठेवून दिले. अपेक्षित बचत दिसेना, म्हणून २००९ च्या अखेरीस सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ने त्यांना दिलेला शिक्का काढून घेतला. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, आयपॉड घडवणाऱ्या टोनी फडेल यांच्या चमूने ‘नेस्ट’ आणला. तुम्ही कधी आकडा वर-खाली करता ते पाहून हा वेळापत्रक स्वतःच बनवतो. आणि रूप? पुन्हा गोल डबीच!

रुसलेली भट्टी

ज्वाळा धरली नाही, तर फर्नेस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ठरलेले प्रयत्न फुकट गेले, की रुसून गप्प बसतो आणि आतला लाल दिवा मिचकावत राहतो. किती मिचकावण्या म्हणजे काय दुखतंय, याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. तो बघायला दार काढलंत, तर सगळंच बंद. दारामागे कळ असते. बिघाडाच्या भीतीने तंत्रज्ञाला फोन करण्याआधी दार नीट बसलंय का, हे बघणं फुकट असतं.

तिसरी रात्र

तिसऱ्या रात्री पुन्हा टिक, घुंऽऽ, भक्. आई दचकत नाही. बाबा अंधारात बोटं मोजायला लागतात, ‘‘अठ्ठावीस... एकोणतीस...’’

धाड्!

‘‘बघ,’’ बाबा म्हणतात, ‘‘वेळेवर आला.’’

आई रजई गळ्यापर्यंत ओढून घेते. ‘‘आता विझल्यावर किती वेळ खरवडतोय, तेही मोजा. मी झोपते.’’