कळीलाच विचारा

सांगली-साताऱ्याकडील एखाद्या शाळेत इंटरनेट बंद पडले, तरी ‘जीएनयू ईमॅक्स’ हा मजकूर-संपादक शिकता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1985 मध्ये प्रसिद्ध केला. त्याची माहिती त्याच्या पोटातच असते.

कंट्रोल-एच, मग के, मग हवी ती कळ दाबा. तिचे काम पडद्यावर येते. आपण कळीचे काम बदलले असेल, तर बदललेले दिसते. छापील पुस्तकाला हे कसे जमावे?

आज्ञेचे नावच ठाऊक नसेल, तर कंट्रोल-एच, मग ए, आणि शब्द. इथे मराठी माध्यमाचा विद्यार्थी अडतो, कारण शब्द इंग्रजीच लागतो. त्यातून ‘पेस्ट’ला ईमॅक्स ‘यँक’ म्हणतो! सुदैवाने असे थोडे समानार्थी शब्द शोधात आधीच भरलेले आहेत; ‘पेस्ट’ लिहिले तरी ‘यँक’ सापडते.