दुकान आपलं, पत्ता कुणाच्या नावावर?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. कोल्हापूरचं नावही न घेतल्याबद्दल इकडे गदारोळ झाला आणि या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे, हे कंपनीला मान्य करावं लागलं. त्या आठवड्यात माझ्या मामूंचा मुलगा भलताच खूश होता. "आपा, बघा आता, लोक शोधत येतील." मामूंचं चपलांचं छोटं दुकान आहे, दोन वर्षांपूर्वी त्याची वेबसाइटही करून घेतली होती. आम्ही मोबाइलवर पत्ता टाकला, तर पान उघडेचना.

मुदत संपली होती. नूतनीकरणाचा ईमेल गेला होता वेबसाइट करून देणाऱ्याला, कारण डोमेन त्याच्याच नावावर होतं. त्याचा फोन लागेना. इकडे पिशव्यांवर, कार्डांवर, पाटीवर तोच पत्ता छापलेला. मामू एवढंच म्हणाले, "बेटी, गाळा घेताना मी कागद चार जणांकडून वाचून घेतले होते. याचेही कागद असतात, हे कुणी सांगितलंच नाही."

म्हणून सगळ्यात आधी डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर घ्या. काम दुसऱ्याला द्या, पण पासवर्ड आणि पावती घरात ठेवा. पत्ता मराठीतही मिळतो. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' आहे.

नवी वेबसाइट करताना आम्ही रंगांवर वेळ घालवला नाही. दुकानात गिऱ्हाईक चप्पल हातात घेऊन वाकवून बघतं, पायात घालून बघतं. तेच पडद्यावर कसं होईल, यावर डोकं लावलं. प्रत्येक जोडाचा तळाकडूनही फोटो काढला. नंबरासोबत पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये दिली आणि कागदावर पाऊल ठेवून ती कशी मोजायची तेही लिहिलं. कातडं कोणत्या जनावराचं, हे स्पष्ट लिहिलं. "पाण्यात भिजवू नका, सुरुवातीला थोडी लागेल," हेसुद्धा लिहिलं. मुलगा कुरकुरला, असं लिहिल्यावर घेणार कोण? मामूंनी ऐकलं नाही. ऐब सांगूनच विकायचं, ही त्यांची दुकानातली रीत.

कापशी, पुकरी, कानवाली ही नावं मजकुरात टाइप करून घातली. फोटोवर लिहिलेली अक्षरं शोधयंत्राला नीट वाचता येतीलच असं नाही. फोटोही लहान केले. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो खेड्यातल्या नेटवर उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. वेबसाइट तपासली ती मामींच्या जुन्या फोनवर.

जीआयचं चिन्ह मात्र मामूंनी लावू दिलं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी जीआय मिळालं, पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आधी नोंदणी, मग चिन्ह.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाचं नाव, पत्ता, फोन आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव देणं भाग आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. आमच्याकडे ते नाव मामींचं आहे.

पहिली ऑर्डर आली, त्यात पायाची लांबी ३५ सेंटिमीटर लिहिलेली होती. मामींनी लगेच फोन लावला. मोजपट्टी उलटी धरली होती.