नमदा : न विणता घडणारे वस्त्र

वस्त्र म्हटले की सूत, उभे-आडवे धागे आणि माग डोळ्यांसमोर येतात. नमद्याला यांपैकी काहीच लागत नाही. पिंजलेली लोकर, साबणाचे कोमट पाणी आणि हातापायांचा दाब एवढ्यावर जाड, उबदार बैठक तयार होते. काश्मीर, राजस्थानातील टोंक आणि गुजरातमधील कच्छ ही या कलेची भारतातील प्रमुख केंद्रे होत. मराठीत अशा वस्त्रासाठी ‘बुरणूस’ हा जुना शब्द आहे; घोंगडी मात्र मागावर विणली जाते. हा फरक परीक्षार्थींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लोकर जमते कशी?

लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा असतो. त्याच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात व त्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. परिणामी तंतू एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडकतो. साबणाच्या ऊन पाण्याने तंतू मऊ होऊन फुगतात. घर्षण मिळताच ते मुळाच्या दिशेने पुढे सरकत एकमेकांत गुंततात आणि मागे फिरू शकत नाहीत. म्हणूनच एकदा जमलेला नमदा पुन्हा सुटा करता येत नाही. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घासून धुतल्यास आखडतो, त्यामागेही हेच कारण आहे. कापसाच्या तंतूवर असे खवले नसल्याने त्याचा नमदा होत नाही.

चटईभोवतीची शाळा

प्रथम लोकर धुऊन, वाळवून पिंजतात. चटईवर तिचे पातळ थर एकमेकांना काटकोनात पसरतात. जमताना लोकर आखडत असल्याने मांडणी इच्छित आकारापेक्षा मोठी ठेवावी लागते. त्यावर साबणाचे पाणी शिंपडून हलक्या हाताने दाबतात. मग चटईची घट्ट गुंडाळी करून ती दोरीने बांधतात आणि हातांनी वा पायांनी पुढे-मागे लोटतात. ती मधूनमधून उघडून, दिशा बदलून पुन्हा गुंडाळली जाते. चिमटीत धरून ओढल्यावर सुटे तंतू वर येईनासे झाले की नमदा जमला असे समजतात. शेवटी साबण धुऊन तो वाळवतात. नक्षीसाठी रंगीत लोकर आधीच थरांत मांडता येते. काश्मिरात तयार नमद्यावर आरीने भरतकाम करतात.

मोठी गुंडाळी एकट्याला आवरत नाही. चार-पाच जणांचा दाब आणि ताल एक झाला नाही, तर नमदा कुठे जाड, कुठे विरळ होतो. पाणी किती, दाब केव्हा वाढवायचा हे पुस्तकातून कळत नाही. नवशिका शेजारच्या जाणत्या हाताकडे पाहून ते शिकतो. किरगिझस्तानातील ‘अला-कियिझ’ व ‘शिरदक’ हे नमद्याचे गालिचेही स्त्रिया एकत्र येऊन करतात. ज्येष्ठ स्त्रियांकडून तरुणींकडे जाणारी ही परंपरा क्षीण होऊ लागल्याने युनेस्कोने २०१२ मध्ये तिचा तातडीने संरक्षण आवश्यक असलेल्या वारशाच्या यादीत समावेश केला.

कौशल्याचा ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

हीच साखळी काश्मिरातही तुटू लागली होती. कच्च्या मालाची टंचाई, कुशल मनुष्यबळाचा अभाव आणि विपणनातील उणिवा यांमुळे १९९८ ते २००८ या काळात काश्मिरी नमद्याची निर्यात जवळजवळ संपुष्टात आली. २०२१ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेअंतर्गत पथदर्शी प्रकल्प हाती घेण्यात आला. श्रीनगर, बारामुल्ला, गांदरबल, बांदीपुरा, बडगाम व अनंतनाग या सहा जिल्ह्यांतील सुमारे २,२०० उमेदवारांना प्रशिक्षण मिळाले. स्थानिक उद्योगांचाही त्यात सहभाग होता. जुलै २०२३ मध्ये नमद्याची पहिली खेप ब्रिटनकडे रवाना झाली.

पुढील दिशा

देशात २०२३-२४ मध्ये सुमारे ३.३७ कोटी किलो लोकर उत्पादन झाले. त्यात राजस्थानचा वाटा सुमारे ४७ टक्के, तर जम्मू-काश्मीरचा सुमारे २३ टक्के होता. मात्र देशी लोकर बहुतांशी भरड असून तलम वस्त्रांसाठी ती फारशी उपयोगी पडत नाही. नमद्यासाठी योग्य प्रतीची लोकर निवडून, गरजेनुसार तीत मऊ लोकर मिसळून तिचा वापर वाढल्यास मेंढपाळालाही दर मिळू शकेल. या कामाला माग व वीज लागत नाही, भांडवलही थोडेच पुरते. त्यामुळे महिलांच्या स्वयंसहायता गटांना ते विशेष अनुकूल आहे.

तथापि प्रमाणपत्र देऊन प्रशिक्षणार्थींना घरोघरी एकटे सोडल्यास हे कौशल्य टिकणार नाही. प्रशिक्षणानंतरही गट एकत्र राहणे, त्याला वेळेवर लोकर मिणे आणि मालाला खात्रीची बाजारपेठ लाभणे या तीन बाबी एकमेकांत गुंतल्या, तरच या कलेचे पुनरुज्जीवन चिरस्थायी ठरेल.