कोरड्या त्वचेवरील बारीक सुरकुत्या

छत्रपति संभाजीनगरांत दिवाळीची चाहूल लागली कीं हवेंतला ओलावा झपाट्यानें ओसरतो. ओठ फुटूं लागतात, आणि ज्यांना इसबाचा उपद्रव आहे त्यांच्या डोळ्यांखालीं व गालांवर बारीक सुरकुत्यांचें जाळें उमटतें. तिशीच्या गृहिणीहि मग आरशापुढें थबकतात, आणि वय दिसूं लागलें या धास्तीनें एखादें महागडें क्रीम घरांत येतें. वास्तविक यांतल्या पुष्कळशा रेषा वयाच्या नसून तहानेच्या असतात.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा पापुद्रा एखाद्या भिंतीसारखा आहे. मृत पेशी या त्याच्या विटा, व सिरॅमाइड वगैरे स्निग्ध द्रव्यें हा त्यांमधील चुना. इसबाच्या त्वचेंत हा चुना अपुरा पडतो. आंतलें पाणी उडून जातें, पापुद्रा आक्रसतो आणि त्यावर चुण्या पडतात. कित्येकांत याचें मूळ आनुवंशिक असतें. फिलाग्रिन नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांतील दोषाचा इसबाशीं असलेला संबंध २००६ सालीं उघडकीस आला. हा दोष असणाऱ्यांच्या तळहातांवर पुष्कळदां रेषांची विलक्षण दाटी असते. ज्योतिष्यानें तीवरून काय भाकीत करावें, तें त्याचें तो जाणे! खालच्या पापणीखालची ठळक घडीहि अशांपैकीं अनेकांना लहानपणापासूनच असते.

आतां आपलें अभ्यंगस्नान पाहा. आधीं तेल, मग उटणें, मग बंबांतलें कढत पाणी. निरोगी त्वचेला हें सुखाचें. परंतु इसबाच्या त्वचेचा उरलासुरला चुनाहि उटण्याच्या घासणीनें व कढत पाण्यानें धुवून जातो. अशांनीं क्रम उलटा करावा. कोमट पाण्यानें पांचदहा मिनिटांत स्नान आटोपावें, साबण सौम्य व बिनवासाचा घ्यावा, अंग टिपावें, घासूं नये. आणि तें ओलसर आहे तोंच, दोनतीन मिनिटांच्या आंत, स्निग्ध लेप लावावा. साध्या व्हॅसलीनला या कामीं तोड सांपडणें कठीण. चेहऱ्यावर तें चिकट वाटलें, तर ग्लिसरीन व सिरॅमाइड असलेलें बिनसुगंधी क्रीम चालेल. खोबरेल पुष्कळांना मानवतें. ऑलिव्हचें तेल मोठ्या कौतुकानें आणतात खरें, पण त्यांतील ओलेइक आम्ल ही भिंत आणखी सैल करतें.

असें नेमानें केल्यास थोड्याच दिवसांत तहानेच्या रेषा पुसट होतात. मागें उरतात त्या खऱ्या सुरकुत्या, आणि त्यांतील बऱ्याचशा उन्हाच्या. त्यांसाठीं सावली, टोपी व झिंक ऑक्साइडचें मलम. रेटिनॉल सुरकुत्यांवर गुणकारी आहे. मात्र खाज व लाली असतांना तें लावणें म्हणजे जखमेवर मीठ. त्वचा शांत झाल्यावर, तेंहि डॉक्टरांना विचारून, त्याचा विचार करावा.

अधिक भय आहे तें शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेल्या स्टेरॉईडयुक्त मलमांचें. पहिल्या आठवड्यांत चेहरा उजळतो. महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होऊन नव्या रेषा उमटतात. म्हणून डॉक्टरांनीं ठराविक दिवसांसाठीं दिलेलें स्टेरॉईड मात्र भिऊन टाकूं नये. खाज थांबली नाहीं, तर झोपेंत डोळे चोळले जातात, आणि त्या चोळण्यानें त्वचा जाड होऊन तिच्या घड्या अधिकच खोल होत जातात.