घड्याळाची किल्ली कुणाकडे?

जपानच्या कलेविषयी मराठीत काही लिहिले गेले की ते बहुधा संथपणाविषयी असते. खडीवर दाताळ्याने रेषा ओढलेली झेन बाग, चहाचा विधी, हायकू; आणि मग ओघानेच येणारा निष्कर्ष, की टोकियो धावते आणि जपानी कलावंत त्या धावपळीवर शांततेचा उतारा देतात. ही मांडणी ऐकायला गोड आहे आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांना सोयीची आहे. साठच्या दशकापासूनच्या कलाकृती नीट पाहिल्या तर मात्र ती टिकत नाही. टोकियोच्या गतीशी ज्यांनी खरोखर झटापट केली, त्या कलावंतांनी शहराचीच साधने उचलली: लोकलचा डबा, झाडू, दुकानातले जेवणाचे काउंटर, आकडे दाखवणारे दिवे. इतकी घाई कशाला, हा त्यांचा प्रश्न नव्हताच. घाई किती करायची हे कोण ठरवतो, हा होता.

आधी या घाईचे वय पाहायला हवे, कारण 'वक्तशीरपणा जपान्यांच्या रक्तातच आहे' हा समज झेन बागेच्या समजाइतकाच पक्का आहे. 1850च्या दशकाच्या अखेरीस नागासाकीत जपानी आरमाराला शिकवायला आलेल्या काटेनडायके या डच अधिकाऱ्याची तक्रार नेमकी उलटी होती: इथली माणसे वेळ पाळत नाहीत. पाळणार कशी? तेव्हाच्या जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असत आणि ऋतूप्रमाणे त्यांची लांबी बदले. उन्हाळ्यातला दिवसाचा तास हिवाळ्यातल्यापेक्षा मोठा. सगळे तास सारखे झाले ते 1873 साली, सरकारने ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले तेव्हा. त्यानंतरही लोकांना मिनिटांची सवय लागावी म्हणून 1920 साली टोकियोत 'काळ' या विषयावर प्रदर्शन भरवावे लागले आणि 10 जून हा 'काळ दिन' ठरवावा लागला. शाळा, सैन्य, कारखाना आणि रेल्वे यांनी मिळून शिकवलेली ही गोष्ट आहे. शिकवणी मात्र जबर निघाली. रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 31 देशांतला चालण्याचा वेग, टपाल कारकुनाचा तिकीट देण्याचा वेग आणि बँकांतल्या घड्याळांचा अचूकपणा मोजला. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जपान चौथा आला. त्याआधीच्या सहा देशांच्या अभ्यासात तर पहिलाच होता.

या शिकवणीची दोन टोके रेल्वेतच सापडतात. 2017च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोजवळच्या एका रेल्वे कंपनीने गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून जाहीर माफी मागितली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुकमिश्रित हसे केले. हसताना 25 एप्रिल 2005 कुणाला आठवली नाही. त्या दिवशी ओसाकाजवळच्या आमागासाकी इथे सुमारे दीड मिनिटाचा उशीर भरून काढू पाहणाऱ्या चालकाची गाडी वळणावर रुळावरून उडून एका इमारतीवर आदळली आणि चालकासह 107 माणसे मेली. उशीर झालेल्या चालकांना कंपनीत जी मानहानीकारक उजळणी करावी लागे, तिची धास्तीही चौकशीत पुढे आली. प्रवाशांपैकी कुणी चालकाला त्या वळणावर इतक्या वेगाने जायला सांगितले नव्हते.

रेल्वेचा असाच एक डबा 18 ऑक्टोबर 1962 रोजी कलावंतांनी ताब्यात घेतला होता. नात्सुयुकी नाकानिशी, जिरो ताकामात्सु आणि त्यांचे साथीदार टोकियोभोवती फिरणाऱ्या यामानोते लाइनच्या गाडीत चढले. ही लाइन वर्तुळाकार आहे. साधारण साडेचौतीस किलोमीटरचा फेरा, तासाभराचा. नाकानिशींनी चेहऱ्याला पांढरा रंग फासला होता आणि घड्याळे, केस असल्या वस्तू पारदर्शक राळेत गोठवून केलेले अंडाकृती गोळे ते डब्यातल्या धरायच्या कड्यांना लटकवत होते. उपलब्ध छायाचित्रांत आजूबाजूचे प्रवासी बहुतेक वाचनात गर्क दिसतात. समीक्षक याला प्रयोगाचे अपयश म्हणू शकतील. मला तो त्याचा निकाल वाटतो: राळेत थांबलेले घड्याळ डोळ्यासमोर लोंबत असूनही ज्याची मान वर होत नाही, त्याच्या वेळेवर त्याचा स्वतःचा हक्क कितीसा उरला असेल? अनेक दशकांनी मायकेल वोल्फ या जर्मन छायाचित्रकाराने टोकियोच्या गाड्यांत काचेला चेपलेले चेहरे फलाटावरून टिपले आणि ती मालिका जगभर गाजली. चित्रे प्रभावी आहेत, पण ती बाहेरून पाहतात आणि दया करतात. 1962ची मंडळी आत शिरली होती, आणि त्यांना दयेशी कर्तव्य नव्हते.

1964 साल तर वेगाच्या उत्सवाचेच. 1 ऑक्टोबरला टोकियो-ओसाका शिन्कान्सेन ही बुलेट ट्रेन सुरू झाली (तिचेच तंत्र आता मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी घेतले आहे), 10 तारखेला ऑलिंपिक सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षीच निहोनबाशीच्या ऐतिहासिक पुलाच्या डोक्यावरून उन्नत महामार्ग गेला होता. पाहुण्यांपुढे शहर स्वच्छ दिसावे म्हणून सरकारी मोहीम जोरात होती. 16 ऑक्टोबरला नाकानिशी, ताकामात्सु आणि गेनपेई आकासेगावा यांचा 'हाय रेड सेंटर' हा गट पांढरे कोट आणि मास्क घालून गिंझाच्या फुटपाथवर उतरला आणि तो घासू लागला. झाडू, फडकी, ब्रश घेऊन. दगडामागून दगड, रेषेमागून रेष. ये-जा करणाऱ्यांना हे खरे सफाई कर्मचारी की आणखी कोणी, ते कळेना. यात निषेधाची घोषणा एकही नव्हती. सरकारचा आदेशच त्यांनी अक्षरशः पाळला, आणि इतका मन लावून पाळला की त्या गतीने टोकियो स्वच्छ व्हायला काही शतके लागली असती. आज्ञाधारकपणा मुद्दाम संथ केला की आज्ञा उघडी पडते, हे या गटाला नेमके समजले होते. माझ्या मते साठच्या दशकातल्या जपानी कलेतली ही सर्वांत तल्लख कृती आहे, आणि तिच्यात झेनचा लवलेश नाही.

आकासेगावा पुढे वेगाने मागे टाकलेल्या वस्तूंकडे वळले. 1972 साली योत्सुया भागात त्यांना एक जिना दिसला: काही पायऱ्या वर, तितक्याच खाली, आणि वर पोचल्यावर दार नाहीच. विशेष म्हणजे त्याचा मोडलेला कठडा कुणीतरी दुरुस्त केला होता. निरुपयोगी, तरी निगा राखलेल्या अशा अवशेषांना त्यांनी 'थॉमासन' नाव दिले. योमिउरी जायंट्स संघाने मोठ्या पगारावर आणलेल्या आणि चेंडू हुकवण्याबद्दलच आठवल्या गेलेल्या गॅरी थॉमासन या अमेरिकी बेसबॉलपटूवरून. थट्टा बाजूला ठेवली तर निरीक्षण गंभीर आहे. हे शहर इतक्या वेगाने स्वतःला पाडते आणि बांधते की त्याचा निर्णय घेणाऱ्यांनाही सगळ्याचा हिशेब ठेवता येत नाही. हिशेबातून सुटलेला तो जिना.

आता एक आक्षेप घ्यायला हवा, कारण तो तगडा आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जपानचा आर्थिक फुगा फुटला. तेव्हापासूनचा जपान वाढ थांबलेला, म्हातारा होत चाललेला देश आहे. मग त्याच्या गतीची ही चर्चा जुन्या चष्म्यातून चाललेली नाही का? याचे उत्तर तेत्सुया इशिदा यांच्या चित्रांत आहे. 1973 साली याइझु या मासेमारी बंदरात जन्मलेले इशिदा 1996 साली मुसाशिनो कला विद्यापीठातून बाहेर पडले, म्हणजे नोकऱ्यांच्या टंचाईच्या ज्या काळाला जपानमध्ये 'हिमयुग' म्हणतात त्याच्या ऐन मध्यात. त्याच वर्षीच्या त्यांच्या एका चित्राच्या नावाचा अर्थ 'इंधन भरल्यासारखे जेवण' असा होतो. काउंटरवर सूटबूटातली माणसे रांगेत बसली आहेत आणि दुकानातले नोकर पेट्रोल पंपाची नळी त्यांच्या तोंडात धरून उभे आहेत. चेहरे सगळे जवळपास एकच, डोळे कुठेच न पाहणारे. इतर चित्रांत माणसे सरकत्या पट्ट्यावर येतात, विद्यार्थी सूक्ष्मदर्शक होतात, शाळेची इमारत अंगात अडकलेला मुलगा दिसतो. इशिदांचे रेखाटन अत्यंत काटेकोर, जवळजवळ कारकुनी आहे, आणि म्हणूनच ती भयस्वप्ने हिशेबाच्या वहीसारखी विश्वसनीय वाटतात. अर्थव्यवस्था थांबली म्हणून माणसाची घाई थांबली नाही, हे ती दाखवतात. उलट, नोकऱ्या कमी झाल्यावर जो आत आहे त्याने दुप्पट पळायचे आणि जो बाहेर आहे त्याने आत येण्यासाठी पळायचे. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूंविरुद्ध जपानला कायदा करावा लागला तो भरभराटीच्या काळात नव्हे, 2014 साली. इशिदा तो पाहायला नव्हते. मे 2005 मध्ये रेल्वे फाटकावर गाडीखाली त्यांचा अंत झाला. त्या मृत्यूचा अर्थ लावत चित्रे वाचण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, चित्रांना त्याची गरज नाही.

गती कुणी ठरवायची या प्रश्नाला सरळ हात घातला तो तात्सुओ मियाजिमा यांनी. 1957 साली टोकियोत जन्मलेले मियाजिमा 1980च्या दशकापासून एलईडीचे आकडे वापरतात. फलाटावर आणि शेअर बाजारात जे आकडे माणसाला हाकतात, तेच. त्यांचे आकडे एक ते नऊ मोजतात, शून्य कधीच दाखवत नाहीत. शून्याच्या जागी दिवा विझतो. 1998 साली सेतो समुद्रातल्या नाओशिमा बेटावर, सुमारे दोनशे वर्षे जुन्या 'कादोया' या घरात त्यांनी पाण्याखाली 125 आकडे बसवले. प्रत्येकाचा वेग बेटावरच्या एकेका रहिवाशाने ठरवला, पाच वर्षांच्या मुलापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत. कुठला आकडा झरझर पळतो, कुठला रेंगाळतो. एकाच पाण्यात 125 निरनिराळ्या वेळा चालू आहेत आणि कुणीही कुणाच्या उशिराबद्दल माफी मागत नाही. ही कृती संथ आहे असे म्हणता येत नाही, तिच्यातले काही दिवे चांगलेच घाईत आहेत. ज्याची घाई त्याने निवडली आहे, एवढेच.

पण बेटावर हे सोपे आहे, असे कुणी म्हणेल, आणि शहरात तर ही कला बिल्डरांच्याच पैशावर उभी राहते. दोन्ही खरे आहे. 2003 साली उघडलेल्या रोप्पोंगी हिल्स या महाकाय संकुलात मोरी कलासंग्रहालय आहे ते टॉवरच्या माथ्यावर, म्हणजे कलेची उंचीही जागेच्या भावाशी जोडलेली. टीमलॅब या डिजिटल कलागटाचे टोकियोत ओदाइबा इथले संग्रहालय (2022 साली ते बंद झाले) 2018 साली सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी सुमारे 23 लाख लोक तिथे येऊन गेले. भिंतींवरून फुले वाहत, लोक फोटो काढत, पुढच्या खोलीत जात. गतीचे चिंतन म्हणून त्याची जाहिरात कितीही झाली, तरी मला ते शहराच्या गतीला लावलेले सुंदर वंगणच वाटते. मियाजिमाही या व्यवहाराबाहेरचे नाहीत. रोप्पोंगीत रस्त्याकडेच्या काचभिंतीत त्यांनी 2003 साली 'काउंटर व्हॉइड' ही कृती केली: माणसाहून उंच सहा आकडे, नऊकडून एककडे उतरणारे. मार्च 2011 मध्ये भूकंप झाला, गाड्या थांबल्या आणि टोकियो परिसरातले लाखो लोक त्या रात्री पायी घरी निघाले किंवा जिथल्या तिथे अडकले. त्यानंतर मियाजिमांनी स्वतः ते आकडे बंद केले. पुढे ते कधी आणि कशासाठी लावायचे, यावर नागरिकांना सोबत घेऊन एक प्रकल्प चालला आणि मार्च 2016 मध्ये थोड्या दिवसांपुरते ते पुन्हा उजळले. बिल्डरच्या भिंतीवरचे घड्याळ पाच वर्षे बंद राहू शकते आणि ते सुरू करण्यावर चर्चा होऊ शकते, एवढे तरी यातून सिद्ध झाले.

त्याच भूकंपानंतरच्या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या तोहोकू प्रदेशासाठी मियाजिमांनी नाओशिमाची कल्पना वाढवून 3000 आकड्यांची योजना मांडली, प्रत्येकाचा वेग पुन्हा एकेका माणसाने लावायचा. तिची मर्यादा तिच्या पत्त्यातच आहे. गती ज्यांच्यावर सर्वाधिक लादली जाते ते नोकरदार रोज टोकियोच्या शिंजुकू स्थानकात उतरतात, आणि तिथल्या चौरस फुटाचा भाव पाहता त्यांना आपापला आकडा लावायला कुणी भिंत देईल असे वाटत नाही.