फोटो आहेत रे, पण एडिट्सचं काय?

हार्ड डिस्क कधीतरी दगा देणार, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून हुशार मंडळी फोटोंची एक कॉपी काढून ठेवतात आणि निवांत झोपतात. मीही तसाच झोपायचो. मग एक दिवस येरमाळ्याहून फोन आला...

‘दादा, आजीचा एखादा चांगला फोटू दे की. तेराव्याला फ्रेम करायचीय. मोठा दे, बारा बाय अठराचा.’

आजीला जाऊन चार दिवस झाले होते आणि फोनवर माझा चुलतभाऊ होता. येरमाळ्यात त्याचा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या सीझनमध्ये त्याला जेवायला फुरसत नसते. मी म्हटलं, ‘एवढंच ना? तासाभरात पाठवतो.’ कारण घरात आजीचे सगळ्यात जास्त फोटो माझ्याकडेच होते.

येरमाळा माहीत नसेल त्यांच्यासाठी : धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात, सोलापूर-धुळे हायवेवरचं हे गाव. बालाघाटच्या डोंगरावर येडेश्वरीचं मंदिर आहे. येडाईला तुळजापूरच्या भवानीची बहीण मानतात. चैत्र पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली येते. त्या दिवशी रानात जमलेले हजारो लोक चुनखडीचे खडे वेचून एका ढिगावर टाकतात. मग पालखी आमराईत मुक्कामाला जाते. पुणे-मुंबईला पांगलेलं अर्धं गाव त्या चार दिवसांत परत येतं. कॅमेरा घेतल्यापासून सहा वर्षं मी एकही यात्रा चुकवली नव्हती.

आजीचा तो फोटो चुनखडीच्या रानातलाच. भर दुपार, डोक्यावर पदर, ओंजळीत पाच खडे, हात पांढरे झालेले आणि कुणाच्या तरी बोलण्यावर ती खळखळून हसतेय. उन्हामुळे चेहरा पदराच्या सावलीत काळा पडला होता आणि मागे एका पुढाऱ्याचा हा भला मोठा फ्लेक्स! दोन संध्याकाळी बसून मी तो फोटो घडवला होता. चेहऱ्यावर उजेड आणला, फ्लेक्स काढला, रंग जागेवर आणले. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तेव्हा आजी म्हणाली होती, ‘आरं, ही मीच हाय का?’

तर मी डिस्क लावली. फोटो होता. पण कुठला? कॅमेऱ्यातून आलेला ओरिजिनल. काळा चेहरा, मागे पुढारी. माझी दोन संध्याकाळची मेहनत कुठेच नव्हती.

गडबड कुठे झाली?

झालं असं होतं, की आठ महिन्यांपूर्वी मी नोकरी बदलली आणि जुन्या ऑफिसचा लॅपटॉप परत केला. फोटो एक्स्टर्नल डिस्कवर होते, त्यामुळे ‘आपलं सगळं सेफ आहे’ या आनंदात मी होतो. पण मी लाइटरूम वापरतो. लाइटरूम तुमच्या मूळ फोटोला हात लावत नाही. उजेड किती वाढवला, फ्रेम कुठे कापली, कुठला डाग पुसला, या सूचना ते वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. त्या फाइलला म्हणतात कॅटलॉग. स्पीड मिळावा म्हणून मी तो कॅटलॉग लॅपटॉपवर ठेवला होता. लॅपटॉप गेला, कॅटलॉग गेला, सहा यात्रांचं एडिटिंग गेलं!

लाइटरूम बंद करताना बॅकअपबद्दल विचारतं आणि मी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणायचो. पण त्यात फक्त कॅटलॉगची कॉपी होते, फोटोंची नाही. आणि जागा बदलली नाही तर ती कॉपी मूळ कॅटलॉगच्या शेजारीच पडते. म्हणजे घराची डुप्लिकेट किल्ली त्याच घरात कुलूपबंद!

पुन्हा एडिट करायला बसलो. दोन तास झाले, पण आजीचा चेहरा पहिल्यासारखा काही येईना. खरं सांगायचं तर त्या दिवशी स्क्रीनकडे फार वेळ बघवतही नव्हतं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवरची कॉपी काढली. लांब बाजू जेमतेम १६०० पिक्सेल. मोबाइलवर मस्त दिसते. पण १८ इंचांवर ताणली तर इंचाला ८९ पिक्सेल पडतात. चांगल्या प्रिंटला साधारण ३०० धरतात. फ्रेममध्ये आजीचे डोळे पुसट दिसले असते.

शेवटी भावाला खरं काय ते सांगून टाकलं. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘थांब दादा. कॅलेंडर छापायला तू मागं पेनड्राइव्ह दिलता की! मी काय डिलीट करीत नसतो.’ दहा मिनिटांनी त्याचा फोन. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर ‘दादा कॅलेंडर’ नावाच्या फोल्डरमध्ये माझा एडिट केलेला, फुल साइज फोटो सुखरूप होता. आज तोच येरमाळ्याच्या घरात भिंतीवर आहे.

पिक्सारलाही नशिबानेच वाचवलं

असा गोंधळ फक्त आपल्यासारख्यांचाच होतो असं समजू नका. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’वर काम सुरू होतं. कुणीतरी एक चुकीची कमांड दिली आणि सिनेमाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढायला गेले तर तोच धड चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. घरी लहान बाळ असल्याने त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर बरंचसं काम शिल्लक होतं. त्यांचं घर काय आणि माझ्या भावाचा स्टुडिओ काय, दोन्हीकडे वाचवलं ते लांबच्या कॉपीने. फरक एवढाच, की ती कुणी ठरवून ठेवली नव्हती. आपण ती ठरवून ठेवायची!

फंडा ३-२-१चा

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने यासाठी एक सोपा नियम लोकप्रिय केला. डिजिटल फोटो सांभाळण्यावरचं त्याचं पुस्तक २००५ मध्ये आलं. नियम असा : प्रत्येक फाइलच्या ३ कॉप्या, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर.

आपल्याकडे गाडी अडते ती शेवटच्या ‘१’वर. लॅपटॉप टेबलावर, डिस्क त्याच टेबलाच्या खणात आणि दुसरी डिस्क त्याच कपाटात. चोर आला, शॉर्ट सर्किट झालं किंवा पाणी शिरलं, की तिन्ही एकदम! २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांतले अल्बम, निगेटिव्ह आणि कॉम्प्युटर एकाच पाण्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या धाराशिव जिल्ह्यातही घराघरांत पुराचं पाणी शिरलं. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली. जिथे जपून ठेवण्याचंच काम चालतं, तिथेही एका आगीत जुन्या सिनेमांची रिळं खाक झाली.

‘पण माझं क्लाउडवर आहे ना!’

हे वाक्य बोललात की थोडं थांबा. फोन आणि क्लाउड सिंक असतील तर फोनमधला फोटो उडवला, की तो क्लाउडमधूनही उडू शकतो. गुगल फोटोजमध्ये असा बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, मग कायमचा जातो. सिंक म्हणजे आरसा. इकडे चूक केली की तिकडेही तीच दिसणार.

शिवाय फुकटचे दिवस संपले. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात. सेटिंग ‘स्टोरेज सेव्हर’वर असेल तर फोटो दाबून लहान केला जातो. प्रिंट काढायची असेल तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडा.

आणि सॉफ्टवेअरही कायमचं नसतं. आठवतंय पिकासा? कॉलेजमध्ये आपण सगळ्यांनी त्यात फोटो गुलाबी-पिवळे केले. गुगलने ते २०१६ मध्ये बंद केलं. पिकासात ‘सेव्ह’ न करता सोडलेले बदल त्या फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये असायचे. जुनं म्हणून ती फाइल कुणी पुसली, की एडिट्सना राम राम.

एडिट्स वाचवायचे कसे?

● लाइटरूमच्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये ‘एक्सएमपी’त बदल आपोआप लिहिण्याचा पर्याय आहे, तो ऑन करा. मग रॉ फोटोच्या शेजारी एक छोटी फाइल बनते आणि बहुतेक एडिट्स फोटोबरोबरच प्रवास करतात. मात्र कलेक्शन्स, व्हर्च्युअल कॉप्या आणि एडिटिंगची हिस्टरी त्यात येत नाही. म्हणून कॅटलॉगचा बॅकअपही हवाच आणि तो दुसऱ्या डिस्कवर.

● फोटोशॉपमध्ये काम केलं असेल तर लेयर्ससकट पीएसडी ठेवा. नुसती जेपीजी ठेवली तर उद्या फ्लेक्स परत आणता येणार नाही! (आणायचाय कुणाला म्हणा.)

● आवडत्या फोटोंची पूर्ण साइजची फायनल जेपीजी काढून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी ती कुठेही उघडेल. आजीच्या फोटोच्या वेळी हीच कामी आली.

● मोबाइलवर एडिट करताना मूळ फोटोवर सेव्ह न करता ‘सेव्ह अ‍ॅज कॉपी’ करा.

● वर्षातून एकदा बॅकअपमधले दहा फोटो खरंच उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवू नका.

भावाचा हिशेब

हे सगळं भावाला सांगितलं तर तो हसायला लागला. ‘दादा, एका लग्नाचे तीन हजार फोटो. क्लाउडवर कवा चढायचे?’ मुद्दा बरोबर होता. रॉ फोटो सरासरी २७ एमबीचा धरला तर तीन हजारांचे ८० जीबी होतात. गावातल्या नेटला अपलोडचा १० एमबीपीएस स्पीड मिळाला तरी १८ तास लागतील. आणि तेवढा वेळ लाइटही टिकायला हवी!

पण गंमत बघा. त्याच लग्नाच्या एक्सएमपी फाइल एकेक काही केबीच्या. सगळ्या मिळून थोडेच एमबी भरतात आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही काही मिनिटांत चढतात. आठवडाभराची मेहनत एवढ्याशा जागेत मावते आणि नेमकी तीच कुणी जपत नाही.

आता त्याची सिस्टीम ठरलीय. रोज रात्री एडिट्स क्लाउडवर. रॉ फोटोंची एक कॉपी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर, दुसरी डिस्कवर घरी. अल्बम कस्टमरच्या हातात पडेपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही. जुन्या सीझनच्या फायनल जेपीजी माझ्याकडे पुण्याला.

पुणे-येरमाळा-पुणे

आणि माझी? लॅपटॉपवर चालू काम, घरी एक एक्स्टर्नल डिस्क, निवडक फोटो आणि कॅटलॉग क्लाउडवर. हे झालं पुण्यातलं. तिसरी डिस्क येरमाळ्याच्या घरी, लोखंडी कपाटात, आजीच्या नऊवारीच्या घडीखाली. दर चैत्रात यात्रेला जाताना मी ताजा बॅकअप घेतलेली डिस्क नेतो आणि तिथली जुनी घेऊन येतो. डिस्क वर्षभर नुसती पडून राहायला नको म्हणूनही ही अदलाबदल बरी. बॅकअपची तारीख विसरण्याचं टेन्शनच नाही, येडाईची यात्रा कुणी विसरतं का?

तुमचं गाव येरमाळा नसेल. पण आईबाबांचं सातारा असेल, बहिणीचं नाशिक असेल, मित्राची ठाण्यातली रूम असेल. येत्या गणपतीला किंवा दिवाळीला जाताना बॅगेत एक डिस्क टाका. पासवर्ड लावा आणि तो घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.

गेल्या यात्रेत डिस्क बदलायला कपाट उघडलं तर भावाची सात वर्षांची पोरगी मागे उभी. ‘काका, ह्यात काय हाय?’

‘तुझी पणजी,’ मी म्हटलं.

तिने डिस्क हातात घेऊन कानाला लावली. मग आम्ही ती लॅपटॉपला जोडली आणि दहा फोटो उघडून बघितले. सगळे उघडले.