आधी देह, मग देखावा

26 जानेवारी 1998 रोजी रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा सुमारे 740 किमीचा मार्ग पूर्ण खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरातले पूल असलेला हा मार्ग आज मराठी घरांत सहलीचा विषय झाला आहे. आईवडील थकत चालले, आता एकदा त्यांना गाडीतून कोकण दाखवून आणू, असं अनेकांच्या मनात येतं आणि ते येणं चांगलंच आहे. मात्र बेत ठरू लागला की बहुतेक चर्चा काय काय दिसणार यावरच होते. कोणत्या बाजूची खिडकी, कोणता पूल, पावसात गेलं तर धबधबे किती. सत्तरी ओलांडलेला माणूस बरोबर असेल तर हा क्रम उलटा करायला हवा. आखणी त्यांच्या शरीरापासून सुरू करावी आणि देखाव्यापर्यंत यावी. कारण तहान मारून, पाय अवघडून, उतरण्याची धास्ती घेऊन बसलेल्या माणसाला खिडकीबाहेरचं काहीच नीट दिसत नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. म्हातारं माणूस गाडीत बसलं की बरेचदा आधी शौचालय किती लांब आहे ते पाहतं. हलत्या डब्यातून, लोकांच्या सामानावरून पाय टाकत, दाराजवळच्या त्या अरुंद जागेत जाणं त्याला नको वाटतं. मग ते कोणाला न सांगता पाणी कमी पितं. चहा नको, तहान नाही, घरून पिऊन आलोय, अशी उत्तरं येतात आणि तीन तासांनी भरलेली बाटली तशीच असते. वाढत्या वयात तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात हा संकोच मिसळला की चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ असे त्रास सहलीच्या दुसऱ्या दिवशी डोकं वर काढतात आणि आपण म्हणतो, प्रवास झेपला नाही. खरं तर प्रवास झेपला होता, शौचालयाची वाट झेपली नव्हती. त्यामुळे दाराला अगदी खेटून नाही, पण डब्याच्या मध्यावरही नाही, अशी जागा मिळवण्याचा प्रयत्न करावा. दर दीड-दोन तासांनी, गाडी स्थानकात उभी राहायच्या थोडं आधी किंवा संथ असताना, हाताला धरून उठवावं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावं.

दुसरा मुद्दा बर्थचा. खालचा बर्थ नशिबावर सोडायची गरज नाही, पण नियम माहीत हवा. ज्येष्ठांसाठीच्या खालच्या बर्थच्या कोट्यात 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील स्त्रिया येतात. प्रवासी एकटा असावा लागतो किंवा एका तिकिटावर असे दोनच जण असावे लागतात. तिकिटावर या वयोगटाबाहेरचं कोणी असलं तर हा कोटा लागू होत नाही. म्हणजे पन्नाशीचा मुलगा प्रेमाने वडिलांसोबत एकच तिकीट काढतो आणि त्यामुळेच वडिलांचा हक्काचा खालचा बर्थ हुकतो. पंचेचाळिशी ओलांडलेली मुलगी आईबरोबर जात असेल तर दोघींना एकाच तिकिटावर या कोट्यातून मागणी करता येते. मुलगा नेत असेल तर वडिलांचं तिकीट कोट्यातून आणि स्वतःचं वेगळं काढणं शहाणपणाचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख ठरली की कॅलेंडरवर ती खूण आधी करावी. ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च 2020 मध्ये थांबली, ती धरून हिशेब करू नये.

मग व्हिस्टाडोमचं काय? मोठ्या काचा, काचेचं छत आणि फिरणाऱ्या खुर्च्या असलेला हा डबा दादर-मडगाव जनशताब्दीला 2017 मध्ये जोडला गेला आणि तेव्हापासून आईबाबांसाठी सर्वांत उत्तम तेच, असा समज झाला आहे. ऐपत असलेल्या मुलांना तो मोह होणं स्वाभाविक आहे. पण जनशताब्दी मुंबईहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे वडिलांना तीनला उठवावं लागतं. पुढे आठ-नऊ तास खुर्ची कितीही आरामशीर असली तरी पाय लोंबकळतच राहतात आणि घोटे सुजतात. मोतीबिंदूच्या डोळ्यांना मोठ्या काचांतून येणारी तिरीप सोसत नाही. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधल्या संशोधनात दिसलं. मुळात हा धोका थोडा आहे आणि तो विमान, मोटार, बस, रेल्वे सगळीकडेच असतो. फरक एवढाच की रेल्वेत उठून चार पावलं टाकता येतात आणि बर्थ असेल तर पाय पसरून आडवं होता येतं. म्हणून लांबच्या पल्ल्याला साधा खालचा बर्थ हीच खरी चैन आहे, आणि व्हिस्टाडोम घाटातल्या छोट्या प्रवासासाठी राखून ठेवावा.

सगळ्यात कमी विचार होतो तो चढण्या-उतरण्याचा. धोक्याच्या खऱ्या जागा दार आणि फलाट यांच्यामध्ये असतात. लहान स्थानकांवर फलाट बुटका असतो, डब्याची पायरी गुडघ्याच्या वर येते, गाडी दोन मिनिटं थांबते आणि तेवढ्यात वर चढणारे दारात उभे असतात. आपल्या गावाजवळचं स्थानक अंतराने सोयीचं असलं तरी वडिलांच्या गुडघ्यांसाठी ते सोयीचं असेलच असं नाही. दहा-वीस किलोमीटर पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरून रिक्षाने मागे येणं पुष्कळदा बरं. स्थानक येण्याच्या पंधरा मिनिटं आधी सामान दाराशी न्यावं, एकाने आधी उतरावं, दुसऱ्याने मागून आधार द्यावा. औषधं, चष्मा, काठी आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या बॅगेत ठेवू नयेत, खांद्यावरच्या पिशवीत ठेवाव्यात. व्हीलचेअर लागणार असेल तर आदल्या दिवशीच स्थानकाकडे चौकशी करावी. वाटेत तब्येत बिघडली तर 139 क्रमांक आणि डब्यातला तिकीट तपासनीस यांच्यामार्फत पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर मागवता येतो. बोगद्यांत मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे त्रास थोडा असतानाच बोलावं.

एवढं सगळं जमवल्यावर प्रश्न येतो तो वेळेचा. मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास सुटणारी मांडवी एक्स्प्रेस मडगावला पोचायला साधारण बारा तास घेते. मार्गाचा बराच भाग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबावं लागतं आणि उशीर होतो. बारा तासांचे चौदा झाले तर तरुण माणूस वैतागतो, म्हातारं माणूस मात्र कोलमडतं. यावर साधा उपाय म्हणजे प्रवासाचे दोन टप्पे करणं. पहिल्या दिवशी सावित्री, वाशिष्ठी आणि साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा पार करून दुपारी रत्नागिरीला उतरावं. दोन रात्री मुक्काम करावा, पुरेसा आराम झाल्यावर लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा सावकाश पाहावा. पुढच्या टप्प्यात रत्नागिरी सोडल्यावर लगेच पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल लागतो आणि मग राजापूर, कणकवली, कुडाळ करत तेरेखोल, मांडवी, जुवारी येतात. दोन तिकिटांचं भाडं एका तिकिटापेक्षा जास्त पडतं आणि चढणं-उतरणं एकदा वाढतं, हे खरं. पण ताज्या शरीराने दोनदा चढणं हे चौदा तासांनंतर थकलेल्या पायांनी एकदा उतरण्यापेक्षा सुरक्षित आहे. मोसमाचंही तसंच. भर पावसात कोकण सर्वांत देखणं असतं, पण तेव्हा गाड्या वेगळ्या वेळापत्रकावर आणि कमी वेगाने धावतात. पावसाळी वेळापत्रक संपल्यानंतरचे आठवडे सगळ्यात चांगले. रान अजून हिरवं असतं आणि गाड्या वेळेच्या जवळपास येतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्याची गर्दी टाळावी हे वेगळं सांगायला नको.

देखावा कसा दिसतो याचाही विचार वयाच्या बाजूने करावा. कोकण रेल्वेतून समुद्र दिसेल अशी आशा लावू नये. महाराष्ट्रात हा मार्ग आतल्या अंगाने जातो आणि दिसतात ते डोंगर, खाड्या, भातशेती, माडाच्या बागा. बोगदे एकामागून एक येतात आणि मधली उघडी जागा कधीकधी काही क्षणांचीच असते. उजेड-अंधाराशी जुळवून घ्यायला म्हाताऱ्या डोळ्यांना जास्त वेळ लागतो. आपण "तो बघा, तो बघा" म्हणेपर्यंत पुढचा बोगदा येतो आणि ते बिचारे नुसते मान फिरवत राहतात. त्यापेक्षा मोठे पूल कोणत्या स्थानकानंतर येतात हे आधी पाहून ठेवावं, दहा मिनिटं आधी सांगावं, चष्मा पुसून द्यावा. नदीवरचा लांब पूल डोळ्यांना पुरेसा अवकाश देतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. आज पंचाहत्तरीत असलेल्यांनी ही गाडी सुरू होण्याआधीचं कोकण पाहिलं आहे. कशेडी आणि परशुराम घाटातून रात्रभर एसटीने जाणं, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने निघणं, हा त्यांच्या तरुणपणीचा प्रवास होता. संगमेश्वर, राजापूर ही स्थानकांची नावं त्यांच्या लेखी गावांची नावं आहेत, तिथली माणसं त्यांना आठवतात. आपण दाखवायला निघालेलो असतो, पण सांगण्यासारखं पुष्कळसं त्यांच्याकडेच असतं. ते सांगण्याइतकं त्राण त्यांच्यात उरावं, याचसाठी वरचा सगळा खटाटोप आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आहे. विमानाने गोवा तासाभराचा, तर इतका त्रास कशाला? नुसतं पोचायचं असेल, लग्नकार्य असेल किंवा आजारपण असेल, तर विमानच घ्यावं यात शंका नाही. पण त्या तासाभोवती विमानतळावरची लांब चाल, रांगा आणि तपासणी असते, आणि कोकण तर खाली ढगांत राहतं. मोटार हवी तिथे थांबते हा तिचा मोठा गुण, आणि ज्यांना वारंवार लघवीला जावं लागतं त्यांच्यासाठी ती कधी कधी अधिक बरी. तरीही मोटारीत पाय पसरता येत नाहीत आणि चालवणाऱ्या मुलाचं लक्ष रस्त्यावर असतं, आईवर नसतं. एसटीचा विचार खर्चाच्या अंगाने होतो, कारण 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ती मोफत आहे. जवळच्या अंतराला ती जरूर वापरावी. बारा तासांना, शौचालयाविना, ती देहावर भारी पडते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इतकी काळजी घेतली की आईवडिलांचं लहान मूल होतं, त्यांना ओझं झाल्यासारखं वाटतं आणि सहलीतला आनंद निघून जातो. हा धोका खरा आहे. पण त्याचं कारण सोयीत नसतं. सोय त्यांना न विचारता केली जाते म्हणून ते तसं होतं. सकाळची गाडी की दुपारची, रत्नागिरीत दोन रात्री की एक, कोणाकडे डोकवायचं आणि कोणाकडे नाही, हे त्यांनी ठरवावं. आपण फक्त दोन-तीन पर्याय नीट शोधून समोर ठेवावेत. "कशाला एवढा खर्च", "तुमची रजा जाईल" ही उत्तरं येणारच. तो बरेचदा नकार नसतो, आपली अडचण होईल ही भीती असते, आणि शौचालयापासून उतरण्यापर्यंतचं सगळं ठरलं आहे हे कळलं की ती भीती उतरते. ठाम नकार असेल तर मात्र तो मान्य करावा.

तिसरा आक्षेप असा की सगळ्यांनाच हे झेपणार नाही. मान्य आहे. नुकतंच हृदयाचं किंवा खुब्याचं दुखणं झालेलं असेल, दम लागत असेल, नव्या जागी गोंधळून जाण्याइतका विस्मरणाचा आजार पुढे गेलेला असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय निघू नये. बाकीच्यांनी आधी रंगीत तालीम करावी. मुंबई-पुणे मार्गावरच्या डेक्कन एक्स्प्रेसला आणि डेक्कन क्वीनला 2021 पासून व्हिस्टाडोम आहे. साधारण चार तासांचा हा प्रवास 1863 मध्ये सुरू झालेल्या बोर घाटातून होतो, जिथे 37 फुटांमागे एक फूट असा चढ आहे. या छोट्या प्रवासात आईला किती वेळाने उठावं लागतं, वडिलांना खुर्ची किती तास सोसते, चढताना कोणता हात धरावा लागतो, हे सगळं कळतं. मोठा बेत त्या माहितीवर रचावा.

आईवडिलांना कोकण दाखवण्याची इच्छा आणि त्यांच्या गुडघ्यांची चिंता ही एकाच बेताची दोन अंगं आहेत, आणि गुडघ्यांचं अंग आधी येतं. तिकीट काढण्यापूर्वी घरात बसून एवढे चार प्रश्न विचारावेत: शौचालयाची सोय कशी, आडवं कधी होता येईल, उतरायचं कुठे आणि ही तारीख तुम्हाला मानवेल का. उत्तरं मिळाली की खिडकी कोणत्या बाजूची हा प्रश्न शेवटी घ्यावा. पुष्कळ घरांत ही सहल "पुढच्या वर्षी"वर ढकलली जाते, आणि पुढच्या वर्षी देह आणखी थोडा थकलेला असतो. म्हणून देहाचा विचार आधी करावा आणि निघायला उशीर करू नये.